आई कधी जेवते?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या बाईंनी आयुष्यभर बालवाडी चालवली. मधल्या सुट्टीत उघडलेल्या डब्यावरून घरचं स्वयंपाकघर ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. म्हणून आजचा विषय मुलांच्या खाण्याचा आणि त्यामागच्या आईवडिलांच्या खाण्याचा.

सुरुवात आषाढी एकादशीपासून करू. त्या दिवशी तुमच्या-माझ्या घरातलं पाच वर्षांचं पोरही 'माझा पण उपास' म्हणून हटून बसतं. साबुदाण्याची खिचडी खा, असं त्याला कोणी सांगत नाही, उलट 'लहान मुलांनी उपास करायचा नसतो' असंच सांगतात. तरी ते वरणभात बाजूला सारून खिचडीसाठी पातेल्याभोवती घुटमळतं. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण मुलांच्या बाबतीत शब्दशः खरी होते. पोषणाच्या हिशेबात साबुदाण्यात पिष्टमय पदार्थाखेरीज फारसं काही नाही, दाण्याचं कूट असतं म्हणून थोडी लाज राखली जाते. तरी मूल ती मागतं, कारण त्या दिवशी घरातली सगळी माणसं तीच खातात, एकत्र खातात आणि चवीनं खातात. आता आठवून पाहा, याच मंडळींनी एकत्र बसून, इतक्याच चवीनं, मुलादेखत दोडक्याची भाजी शेवटची कधी खाल्ली होती?

मी बालरोगतज्ज्ञ आहे. आमच्या दवाखान्यात तापाखालोखाल येणारी तक्रार एकच: 'डॉक्टर, हा काहीच खात नाही.' मी वजन करतो, आलेखावर टिंब मांडतो, आणि बहुतेक वेळा ते टिंब जिथे असायला हवं तिथेच असतं. जन्मतः तीन किलोचं बाळ वर्षभरात नऊ किलोंचं होतं, म्हणजे तिप्पट. दुसऱ्या वर्षी मात्र ते जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. नेमक्या याच वयात मूल चालू लागतं, 'नाही' म्हणायला शिकतं आणि अनोळखी घास तोंडातून बाहेर काढू लागतं. दोन ते सहा वर्षांच्या मुलांना नव्या पदार्थाची धास्ती वाटणं हा वाढीचाच भाग आहे. रांगत्या-चालत्या पोरानं दिसेल ते झाडपान तोंडात घालू नये, म्हणून निसर्गानं ठेवलेली ती राखण असावी. घराला हे ठाऊक नसतं. तिथे घबराट उडते आणि वाटी-चमचा घेऊन मुलामागे धावणं सुरू होतं.

पण मुलाची जीभ घडायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात झालेली असते. अमेरिकेत फिलाडेल्फिया इथे मोनेल केमिकल सेन्सेस सेंटर नावाची संस्था आहे. चव आणि वास यांचाच अभ्यास तिथे चालतो. ज्युली मेनेला आणि गॅरी बोशाँ या तिथल्या संशोधकांनी १९९१ साली दाखवलं, की अंगावर पाजणाऱ्या आईनं लसूण खाल्ला की साधारण दोन तासांनी तिच्या दुधाला लसणाचा वास येतो, आणि अशा वेळी बाळं अंगावर जास्त वेळ राहतात. २००१ साली याच गटानं गाजराच्या रसाचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही स्त्रियांनी गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत गाजराचा रस घेतला, काहींनी बाळंतपणानंतर अंगावर पाजत असताना, आणि उरलेल्यांनी नुसतं पाणी. पुढे या बाळांना गाजराच्या चवीची पेज भरवली, तेव्हा पहिल्या दोन्ही गटांतल्या बाळांनी तोंडं कमी वेडीवाकडी केली. गर्भजलातून असो की दुधातून, चवीची ओळख आधीच झालेली होती. २०२२ साली इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठानं तर गर्भातल्या बाळांच्या चेहऱ्याची सोनोग्राफी करून पाहिली. आईनं गाजराची पूड भरलेली कॅप्सूल घेतली की हसल्यासारखा चेहरा जास्त दिसला, आणि केल नावाच्या कडवट पालेभाजीची घेतली की रडवेला.

आता आपल्याकडच्या बाळंतिणीचं ताट डोळ्यांसमोर आणा. बाजरीची भाकरी, लसूण घालून केलेली शेपूची भाजी, मेथीचे लाडू, अळिवाची खीर, जेवण झाल्यावर बाळंतशोपा. दूध यावं, कंबर भरून यावी म्हणून हे सगळं तिला देतात. त्यातल्या प्रत्येक समजुतीवर मी सही करणार नाही. पण लसूण, शेपू, मेथी, शोपा हे सगळे उग्र वासाचे पदार्थ, आणि दुधात नेमका वासच उतरतो. थोरल्या बायकांना प्रयोगशाळा माहीत नव्हती, तरी घराच्या चवीशी बाळाची पहिली गाठ त्या घालून देत होत्या. हल्ली 'बाळाला त्रास होईल' म्हणून बाळंतिणीला महिनोन्महिने बिनमसाल्याच्या मऊ भातावर ठेवणारी घरंही मी पाहतो. पुढे तेच घर तक्रार करतं, की पोराला कसलाच वास सोसत नाही.

इथे एक गोष्ट आईवडिलांच्या बाजूनंही सांगायला हवी. सगळंच संस्कारांवर ढकलू नका. कडवटपणा कोणाला किती जाणवतो हे बऱ्याच अंशी जन्मजात असतं. १९३१ साली आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाला प्रयोगशाळेत योगायोगानं कळलं, की एकच पूड काही माणसांना कडूजहर लागते आणि काहींना तिची चवच लागत नाही. त्यामागचं मुख्य जनुक २००३ साली सापडलं. ब्रिटनमधल्या जुळ्या मुलांच्या अभ्यासातही नव्या पदार्थाची धास्ती मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असल्याचं दिसलं. तेव्हा एकाच घरातला थोरला कारलं मिटक्या मारत खातो आणि धाकटा ते पाहूनच उठतो, यात आईच्या वळणाचा दोष शोधू नये. जन्मानं सुरुवात कुठून होते एवढंच ठरतं, पुढची वाट घर ठरवतं.

ती कशी, ते पाहू. १९७५ साली हार्पर आणि सँडर्स या संशोधकांनी लहान मुलांच्या घरी जाऊन एक साधा प्रयोग केला. मुलापुढे अनोळखी पदार्थ ठेवायचा. एकदा मोठ्या माणसानं तो नुसता देऊ करायचा, एकदा स्वतः खायचा. मोठं माणूस स्वतः खात असलं की मुलं तो पदार्थ जास्त सहज तोंडात घालत, आणि परक्या पाहुणीपेक्षा आईचं पाहून जास्त. पुढे २००५ साली इटली आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी वेगवेगळ्या रंगांचा रवा शिजवला, म्हणजे आपला सांजाच म्हणा. समोरचं मोठं माणूस त्याच रंगाचा रवा खात असेल तर मुलं तो खात. ते दुसऱ्याच रंगाचा खात असेल तर त्याचा फारसा उपयोग होत नसे. मोठं माणूस जवळ बसलंय, काहीतरी खातंय, एवढ्यावर मूल राजी होत नाही. ते समोरच्या ताटात पाहतं आणि तेच आपल्या ताटात आहे का, ते ताडून घेतं.

म्हणजे शास्त्राचं म्हणणं असं, की आईनं मुलासमोर बसून, मुलाच्याच ताटातला पदार्थ खावा. आता मराठी घरातली रात्रीची साडेआठची वेळ घ्या. मूल टेबलाशी, बाबा टेबलाशी, आजोबा टेबलाशी. आई ओट्याशी उभी. पोळी फुगली की तव्यावरून थेट पानात पडते. मधूनच येऊन ती मुलाला दोन घास भरवते, पुन्हा ओट्याकडे जाते. सगळ्यांचं उरकलं की झाकपाक करता करता ती जेवायला बसते. तिच्या ताटात काय असतं? सकाळची पोळी, पातेल्याच्या तळाची आमटी, आणि मुलानं पानात टाकलेली भाजी. 'वाया कशाला घालवायची' म्हणून.

श्रोतेहो, मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. ज्या माणसाकडे पाहून मूल सर्वांत सहज शिकतं, त्या माणसाला आपण पंगतीतून उठवलं आहे. आई मुलाला भरवते, मुलासाठी रांधते, मुलाच्या खाण्याची काळजी वाहते. मुलाला ती स्वतः जेवताना मात्र फारशी दिसत नाही. उलट रोज रात्री मूल एक धडा गिरवतं: नको असलेल्या भाजीची जागा म्हणजे आईचं ताट.

मग मुलासमोर जेवतं कोण? बाबा. बाबांच्या खाण्यावर दवाखान्यात कोणी बोलत नाही. मी विचारलं तर ते हसून 'मलाही भाजी आवडत नाही' म्हणतात, जणू ते पोराचं नाक बापासारखं असल्याची कौतुकानं नोंद करताहेत. घरी ते भाजी बोटानं बाजूला सारतात, 'आज पुन्हा हीच?' म्हणतात, लोणचं आणि फरसाणाचा डबा पुढे ओढतात. मुलाला याहून वेगळं प्रशिक्षण लागत नाही. याच्या पुढची पायरी तर कोणाच्या लक्षातही येत नाही. 'ह्यांना चालत नाही, म्हणून आमच्याकडे शेपू येतच नाही' हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलं असेल. एका माणसाच्या नावडीपायी एक भाजी घरातून हद्दपार होते. मुलानं ती नाकारलेली नसते, ती त्याच्या दृष्टीसच पडलेली नसते. पुढे ते मूल घर थाटतं तेव्हा मंडईत शेपूच्या जुडीकडे त्याचा हात जात नाही. अशी एक-एक भाजी गळत पिढीगणिक आपलं ताट आखूड होत आलं आहे, आणि मुलांचे लाड हे त्याचं एकमेव कारण नाही.

याउलट जिथे आपण मुलाच्या खाण्यात हात घालू नये, तिथे आपण हिरिरीनं घालतो. अमेरिकेतल्या लीअन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांच्या खाण्याच्या अभ्यासात हयात घालवली. १९८४ साली त्यांच्या गटानं दाखवलं, की एखादं नवं पेय प्यायल्याबद्दल मुलांना बक्षीस दिलं, तर पुढे ते पेय त्यांना आधीपेक्षा कमी आवडू लागतं. मुलांचा हिशेब सरळ असतो: लाच द्यावी लागते म्हणजे माल वाईट असणार. 'भाजी संपव, मग चॉकलेट' म्हणताना आपण भाजीची किंमत उतरवतो आणि चॉकलेटची चढवतो. १९९९ च्या अभ्यासात दिसलं, की समोर दिसणारा खाऊ घ्यायला बंदी केली की मुलांचं लक्ष त्याच खाऊवर खिळतं. फडताळावर उंच ठेवलेला वेफर्सचा डबा हे काम आपल्याकडे चोख करतो. २००६ साली सुपाचा प्रयोग झाला. 'सूप संपव' असं पुन्हा पुन्हा सांगितलं तेव्हा मुलं कमी सूप प्यायली, आणि त्या सुपाला नावंही जास्त ठेवली.

'पण डॉक्टर, पानात टाकायचं नाही, हा आमचा संस्कार आहे.' खरं आहे, आणि तो सोडावा असं मी म्हणत नाही. ज्या समाजानं दुष्काळ पाहिले त्याला अन्न टाकणं सहन होणार नाही आणि होऊही नये. पण या संस्काराचा अर्धा भाग वाढणाऱ्याकडे आहे, तो आपण विसरलो. पानात टाकू नये, तर आधी बेतानं वाढावं. चमचाभर वाढा, मुलाला पुन्हा मागू द्या. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची वाटणी सांगितली आहे: काय, केव्हा आणि कुठे खायचं हे आईवडिलांनी ठरवावं, आणि त्यातलं किती खायचं, खायचं की नाही, हे मुलानं. आपण अनेकदा उलटं करतो. 'आज काय करू रे तुला?' म्हणून काय खायचं हे त्याला विचारतो, आणि किती खायचं हे स्वतः ठरवून चमचा त्याच्या तोंडात कोंबतो. सोबतीला मोबाइल असतोच. चिऊकाऊच्या घासात निदान आईचा चेहरा समोर होता. मोबाइल पाहत जेवणाऱ्या मुलाला ना घास दिसतो, ना आई, ना पोट भरल्याची जाणीव.

मुलावर सोडलं तर ते नुसतं गोडधोडच खाईल, ही भीती रास्त आहे. तिचं उत्तर क्लारा डेव्हिस या डॉक्टर बाईंनी शंभरेक वर्षांपूर्वी दिलं. नुकत्याच वरच्या अन्नावर आलेल्या १५ बाळांपुढे त्यांनी ३४ पदार्थांच्या यादीतून थाळ्या मांडल्या. परिचारिकांना ताकीद होती, की कुठलाही पदार्थ पुढे करायचा नाही आणि सुचवायचाही नाही. प्रत्येक बाळानं आपापला विचित्र मेळ जमवला, आणि सगळी धष्टपुष्ट वाढली. पण डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगून ठेवलं, की यातली खरी मेख यादीत आहे. ३४ पदार्थ साधे आणि ताजे होते, साखर आणि डबाबंद पदार्थ त्यांत नव्हते. मुलाला निवड द्यावी, यादी मात्र मोठ्यांनी करावी.

ही यादी कशी मांडायची याची रीत आपल्याकडे तयार आहे. पंगतीतलं पान आठवा. वर मध्यभागी मीठ, शेजारी लिंबाची फोड, डाव्या बाजूला चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजव्या बाजूला भाजी, उसळ. सगळं प्रत्येकाच्या पानात वाढलं जातं, आवडनिवड न विचारता, आणि डावीकडचं तर नखाएवढं. २००३ साली लंडनमध्ये जेन वॉर्डल यांच्या गटानं दोन ते सहा वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना तीन गटांत विभागलं. एका गटानं मुलाला न आवडणारी भाजी सलग १४ दिवस, रोज चिमूटभर, आग्रह न करता चाखायला दिली. दुसऱ्या गटाला आहाराचं माहितीपत्रक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. रोज चाखणाऱ्या मुलांना भाजी अधिक आवडू लागली आणि ती अधिक खाऊही लागली. माहितीपत्रकाचा तेवढा उपयोग झाला नाही. आमच्या पेशानं ही गोष्ट मनाला लावून घ्यावी, कारण आम्ही पत्रकंच वाटतो. डावी बाजू वाढणाऱ्या आजीनं हाच प्रयोग वर्षानुवर्षं केला. तीनदा नाकारल्यावर आपण 'याला आवडतच नाही' असा निकाल देऊन मोकळे होतो. मुलाचा निकाल पंधराव्या घासालाही लागतो.

एवढं बोलून थांबलो तर हे व्याख्यान फक्त डायनिंग टेबल असलेल्या घरांपुरतं ठरेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या बाळांपैकी फक्त ११.३ टक्क्यांना किमान पुरेसा आहार मिळत होता. पाच वर्षांखालच्या ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय होता. याचं पहिलं कारण दारिद्र्य. पहाटे उसाच्या फडात जाणाऱ्या आईला 'मुलासमोर बसून जेवा' असा सल्ला देणं हा निर्लज्जपणा होईल. तिच्या पोराच्या हातात पाच रुपयांचं पाकीट येतं, कारण ते लगेच मिळतं, खराब होत नाही आणि त्याला चूल लागत नाही. पण दारिद्र्याच्या जोडीला सवयही असते. सकाळी आईवडील चहा घेतात म्हणून पोरालाही बशीत चहा मिळतो, त्यात बिस्किट किंवा पोळी बुडवून त्याची न्याहारी होते. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह शोषू देत नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळावा, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्येच म्हटलं आहे. ही सवय श्रीमंत घरातही आहे. तिथे तिची भरपाई होऊ शकते, गरीब घरात होत नाही.

म्हणून सार्वजनिक पंगतीचं मोल मला फार वाटतं. शाळेतल्या पोषण आहाराच्या खिचडीवर बोलताना आपण उष्मांक मोजतो, रांगेत शेजारी बसलेल्या मित्राचा परिणाम मोजत नाही. १९८० साली बर्च यांनीच दाखवलं, की आपल्याला न आवडणारी भाजी आवडीनं खाणाऱ्या सोबत्यांमध्ये मूल बसवलं, तर काही दिवसांत ते ती भाजी घेऊ लागतं. आणि २०१५ साली महाराष्ट्रात आदिवासी भागातल्या गरोदर व स्तनदा मातांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावानं अमृत आहार योजना सुरू झाली. तिच्या अंमलबजावणीतल्या त्रुटींवर जरूर बोलावं. पण तिच्यातला विचार मोठा आहे. शिधा घरी पाठवला तर तो सगळ्यांत वाटला जातो आणि आईच्या वाट्याला पुन्हा तळच येतो. इथे आई अंगणवाडीत येते, इतर बायकांसोबत बसते आणि गरम, पूर्ण जेवण जेवते. आपल्या व्यवस्थेनं आईला उठवून ओट्याशी उभं न करता पंगतीत बसवलेली ही एक जागा आहे.

घरात हे करायला सरकारी निर्णय लागत नाही. पोळ्या आधी करून डब्यात ठेवल्या तर त्या थोड्या निवतील, पण कोणी उपाशी राहणार नाही. तव्यावरची गरम पोळीच हवी असेल तर ज्याला हवी त्यानं उठून ती भाजावी. आईचं पान सर्वांबरोबर मांडावं आणि त्यात ताजी भाजी पहिल्यांदा वाढावी. बाबांच्या पानात सगळं वाढावं, आणि त्यांनी ते कपाळाला आठी न घालता खावं. ते खाणं नावडीचं असलं तरी चालेल, पण गुपचूप असावं. मुलाच्या पानात थोडं वाढावं आणि नंतर त्याच्याकडे पाहू नये. त्याला आपल्याकडे पाहू द्यावं.

आणि आम्हा डॉक्टरांसाठी, अंगणवाडीताईंसाठी, शिक्षकांसाठी एक विनंती. 'मूल काय खातं?' हा प्रश्न आपण आईला विचारतो, आणि ती अपराध्यासारखी उत्तर देते. यापुढे तो शेवटी विचारू. आधी दोघांनाही, आई आणि वडील दोघांनाही, समोर बसवून विचारू: घरात कोण कधी जेवतं, आणि कोणाच्या ताटात काय असतं? वजनाच्या आलेखाइतकीच ही नोंदही केसपेपरवर असली पाहिजे. उपचाराचा अर्धा भाग त्या उत्तरात सापडतो, आणि त्याला औषध लिहून द्यावं लागत नाही.